कड्याकडे पाठ

फार पूर्वी, साखर कुणी चाखलीही नव्हती आणि गोड म्हणजे फक्त मध असं जग समजत होतं, त्या काळी एका कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कडा कसला, आभाळाला टेकवून ठेवलेली भिंतच ती! खालून टोक बघायला जावं तर डोक्यावरचं पागोटं मागच्या मागे पडायचं.

त्या कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची पोळी लटकत. एकेक पोळं दाराच्या फळीएवढं. जवळून नुसती घार गेली तरी पोळ्यावरून काळी लाट सळसळत जायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बघूनच अंगावर काटा यायचा.

आणि त्या गावात एक मधकाढ्या होता.

तो मध कसा काढायचा ते ऐका. कमरेला अंबाडीचा जाड दोर. एका हातात ओल्या पाल्याची धुमसती चूड. पाठीला लांब बांबू, बांबूच्या टोकाला कोयता. बाजूला दुसऱ्या दोराने सोडलेली टोपली. असा तो कड्याच्या माथ्यावरून खाली उतरायचा. पायाखाली काही नाही. तळातली झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी. पोळ्यापाशी गेला की तो तोंडाने हलकं गुणगुणायला लागायचा. माश्या उठायच्या. त्याच्याभोवती काळा ढग व्हायचा आणि तो त्या ढगात दिसेनासा व्हायचा. बघणाऱ्याचा श्वास तिथल्या तिथे थांबायचा. मग ढगातून ते गुणगुणणं ऐकू यायचं, तसंच, एका सुरात, कुणी पाळणा हलवत बसल्यासारखं. धूर पांगला की तो दिसायचा. एका पायाने कडा ढकलून झोका घेतलेला, आणि मधाचा सोनेरी गड्डा कापून टोपलीत अलगद पाडत असलेला. पिल्लं असलेला भाग तो माश्यांना तसाच ठेवायचा.

असं काम बघितलं की हात आपोआप जोडले जातात. त्या माणसाची कीर्ती झाली ती उगीच झाली नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढची गोष्ट ऐकून काही शहाणे म्हणतील, "त्यात काय एवढं मोठं?" त्यांनी आधी स्वतःच्या माळ्यावरून एका दोरीने उतरून दाखवावं, मग बोलावं.

आता त्या गावाची एक रीत होती. कड्याच्या माथ्यावर दोर बांधायला झाड नव्हतं, नुसता उघडा कातळ. फटीत ठोकलेली एक खुंटी होती ती टोपलीच्या दोरापुरती, माणसाचा भार तिला पेलायचा नाही. त्यामुळे दोर माणसानेच धरायचा. आणि कोणी धरायचा? मधकाढ्याच्या बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाने नाही, जिवलग मित्रानेही नाही. का म्हणून विचारलं तर गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, "भावाला वाटणीचं शेत आठवेल. मित्राला राग आठवेल. मेव्हण्याच्या मुठीत त्याच्या बहिणीचं कुंकू असतं. ती मूठ उघडायची नाही."

धरणाऱ्याने बसायचंही एका ठरावीक जागी. माथ्यावर कातळाचा एक उंचवटा होता. त्याला पाठ लावून, कड्याकडे पाठ करून बसायचं, दोर खांद्यावरून घ्यायचा, कमरेला वेढा द्यायचा. खालून एक हिसका आला की सैल सोडायचं, दोन आले की ओढायचं. मागे वळून बघायचं नाही. का, ते कोणी विचारत नव्हतं. रीत म्हणजे रीत.

या मधकाढ्याचा मेव्हणा भारी कुरकुऱ्या होता. तंबाखू मळत बसायचा आणि दाजी वर आले की पहिलं वाक्य ठरलेलं.

"दाजी, खाली जाऊन गाणी म्हणत बसता, इकडे माझा खांदा सोलून निघतो."

"अहो पाव्हणं, गाण्याशिवाय काम होत नाही."

"मग छोटी गाणी म्हणा."

असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

मग एका वर्षी व्यापाऱ्यांचा तांडा त्या बाजूने गेला. त्यांनी मान वर केली आणि आभाळात लोंबकळणारा माणूस बघितला. बैल सुटले, पोती कलंडली, कोणाला भान नाही. तांडा नगरात पोचला आणि ही गोष्ट नगरभर झाली. पुढच्या मोसमाला बैलगाड्यांची रीघ लागली.

काय सांगावं त्या लोकांचं! कड्याखाली पालं पडली. भजी तळायला लागली. सुतळीला टांगलेला मातीचा मधकाढ्या विकायला आला, आणि पोरं तो हातात घेऊन गरागरा फिरवायला लागली. तरणे पोरगे गालाला मुद्दाम काजळी फासून हिंडायला लागले, कारण धुरामुळे त्याच्या गालाला काजळी असायची. एका बाईने त्याला विचारलं, "माझ्या मुलीला स्थळ बघितलंय, देऊ का?" एका शेतकऱ्याने विचारलं, "विहीर कुठे खणू?"

पहिल्यांदा तो म्हणायचा, "मला काय कळतं त्यातलं? मी मध काढतो."

लोकांना ते आणखी आवडायचं. "किती साधा माणूस!" म्हणायचे आणि परत विचारायचे. विचारून विचारून एक दिवस तो म्हणाला, "खणा, त्या चिंचेखाली." बस. तिथून तो सांगायला लागला.

मेव्हण्याकडेही लोक यायचे. "तुम्ही तर त्यांच्या इतक्या जवळचे! पोळ्यापाशी कसे दिसतात हो ते?"

"मला काय ठाऊक? मी कधी बघितलं नाही."

"कधीच नाही?"

"पाठ असते माझी."

लोक पोट धरून हसायचे. "करंटा बघा! पंगतीत बसून उपाशी!"

या गर्दीत नगरातला एक सरदार होता. उमदा माणूस, वाईट नव्हता. पण मधकाढ्याच्या नादाने वेडा झाला होता. तो एक दिवस हात जोडून म्हणाला, "महाराज, एकदा तुमच्या दोराला हात लावू द्या."

मधकाढ्याला कोणी महाराज म्हणेल असं त्याच्या आईला कधी वाटलं नसेल. तो विरघळला. लावू दिला हात. मग दुसऱ्याने मागितला. मग रांग लागली. कोणी दोराला कपाळ टेकवलं, कोणी त्याचा धागा काढून ताईत केला. मेव्हणा ओरडला, "अरे, धागे काय उपटताय? माणूस लटकतो त्याच्यावर!" कोण ऐकतो?

कड्याच्या अगदी मध्यावर, पुढे आलेल्या कपारीच्या आत, एक पोळं होतं. त्याच्याएवढं मोठं पोळं कोणी बघितलं नव्हतं आणि कोणी काढलंही नव्हतं. आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. लोकांनी धोशा लावला, "ते काढा! ते काढा!"

मधकाढ्या म्हणाला, "काढतो."

तेव्हा सरदार म्हणाला, "महाराज, त्या दिवशी दोर आम्ही धरणार. तुमच्यावर जीव टाकणारे इतके हात आहेत. त्या एका चिडक्या माणसाच्या खांद्यावर एवढा मोठा जीव कशाला?"

गर्दी गरजली, "आम्ही धरणार!"

मधकाढ्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने हातातलं पीठ परातीत आपटलं.

"अहो, दोर म्हणजे काय जत्रेतला रथ आहे? ज्याने यावं त्याने ओढावं?"

"लोकांचं प्रेम आहे गं. तुला नाही कळायचं."

"प्रेम असेल. पण माझा दादा तुमचा दोर धरतो तो प्रेमाने धरत नाही, मुठीने धरतो."

"तुझ्या भावाचा मान जाईल म्हणून तुझी ओरड आहे."

"मान?" ती म्हणाली. "त्याचा उघडा खांदा बघितलात कधी? बघा, आणि मग मान म्हणा."

पण सकाळी त्याने दोर उचलला आणि मेव्हण्यासमोर सरदाराच्या हातात दिला. हीच ती वेळ. इथेच त्याने निवडलं.

मेव्हणा म्हणाला, "बरं झालं. माझा खांदा तरी वाचेल." धोतर झटकून तो दूर हिरड्याच्या झाडाखाली जाऊन बसला, सगळ्यांकडे पाठ करून. मधकाढ्याची बायको त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

इकडे माथ्यावर दोर धरायला झुंबड उडाली. सगळ्यात पुढे सरदार, मागे तालीमबाज, त्यांच्या मागे आणखी. मोठी ताकद होती त्या हातांत, खोटं कशाला बोलू? पण कातळाला पाठ लावून कोण बसणार? एवढ्या लांबून आले ते काय कड्याकडे पाठ करायला? कडा तिथे कोयत्यासारखा वाकलेला होता. उभं राहिलं की खालचं सगळं दिसायचं. सगळे तोंड करून उभे राहिले, डोळे खाली, दोर हातात.

मधकाढ्या उतरला.

त्या दिवशी त्याने जे केलं ते बघणाऱ्यांनी मरेपर्यंत सांगितलं. पोळं कपारीच्या आत होतं, सरळ लोंबकळून हात पोचत नव्हता. मग त्याने दोन्ही पायांनी कडा ढकलला आणि स्वतःला मोकळ्या आभाळात फेकलं. झोका लांब गेला, परत आला. पुन्हा फेकलं, आणखी लांब. घारी त्याच्या खालून उडत होत्या. कपारीतून माश्या निघाल्या तशी उन्हाला सावली आली. तो त्या काळ्या सावलीत शिरायचा आणि बाहेर यायचा, शिरायचा आणि बाहेर यायचा, आणि त्याचं गुणगुणणं एकदाही तुटलं नाही. मग एका झोक्याला, कपारीच्या अगदी आत गेल्यावर, बांबू वळला. कोयत्याचं पातं एकदा चमकलं. दाराएवढा मधाचा गड्डा सुटला आणि ऊन पडून पिवळाजर्द पेटल्यासारखा टोपलीत येऊन बसला.

म्हातारी माणसं रडली. देव दिसावा तसं झालं सगळ्यांना.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी. मनापासून. कोणाच्या मनात पाप नव्हतं. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात, एवढंच.

दोर सापासारखा सळसळत कड्यावरून गेला. टाळ्या चालू होत्या तेवढ्यात तो गेला.

मधकाढ्या पडला तो कपारीच्या खालच्या एका अरुंद ओट्यावर. तिथे उंबराचं एक झुडूप कातळातून निघालं होतं, त्यात अडकला म्हणून तळात गेला नाही. त्याचा पाय मोडून वाकडा झाला. वरून तो बाहुलीएवढा दिसत होता. हलत नव्हता. आणि खवळलेल्या माश्या त्याच्याकडे उतरत होत्या.

आता त्या प्रेमळ लोकांची तोंडं ऐका.

"माजला होता, मी तेव्हाच म्हटलं होतं."

"दोर कुजका असणार."

"मेव्हण्याने काहीतरी केलं. बघा ना, कसा तोंड फिरवून बसलाय!"

"माझी विहीर कोरडी निघाली. तेव्हाच मला कळलं, यात काही दम नाही."

सरदार तेवढा आपल्या तळहातांकडे बघत होता.

मेव्हणा धावत आला. कड्यावरून त्याने एकदाच खाली बघितलं आणि टोपलीचा दोर ओढून वर घेतला. टोपली सोडवून बाजूला ठेवली, दोर स्वतःच्या कमरेला बांधायला लागला.

"मी उतरतो."

"पण दोर धरणार कोण?" कोणीतरी विचारलं. "तुझ्या बायकोचे भाऊ तर डोंगरापलीकडे!"

बहीण पुढे आली. "मी धरते."

"बाईमाणसाने दोर धरायचा नसतो!" गावचा म्हातारा म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "मग बाप्यांनी धरा. आत्ता धरला होता तसा."

म्हातारा बाजूला झाला.

ती कातळाच्या उंचवट्याला पाठ लावून बसली. दोर खांद्यावरून घेतला, कमरेला वेढा दिला. मग म्हणाली, "उतरताना मी एकटी पुरते. दोघांना ओढायला एकटी पुरायची नाही. ज्याला यायचंय त्याने माझ्यापुढे रांगेत बसा, कड्याकडे पाठ करून. खाली काय होतंय ते बघायचं नाही. मागे वळलेला दिसला तर लाथ घालून उठवीन, मग तो कोणी का असेना."

खालचं दृश्य तर आता खरं बघण्यासारखं होतं. जगावेगळं. त्याच्याकडे पाठ करायची म्हणजे काय सोपं आहे का? एक तालीमबाज बसला, आणि मेव्हणा कडेवरून दिसेनासा झाला तशी त्याची मान आपोआप वळली. तो स्वतःच उठून गेला बिचारा. दुसराही तसाच गेला. शेवटी बसले ते थोडेच. एक भजी तळणारा, जाडाजुडा. एक बांगड्या विकणारी म्हातारी. गालाला काजळी फासलेला एक पोरगा, त्याने आधी काजळी पुसली. आणि सरदार. त्याने मंदील काढून बाजूला ठेवला आणि तिच्या पायाशी बसला.

"सगळ्यात आधी माझेच हात सुटले, बाई," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "घट्ट धरा आता."

मेव्हणा ओट्यावर उतरला. आणि त्याने समोर बघितलं. मधकाढ्याच्या अंगावर माश्या बसल्या होत्या, छातीपासून कपाळापर्यंत, काळी घोंगडी पांघरल्यासारख्या. पाय मोडलेला, कपाळ फुटलेलं. आणि तो माणूस गुणगुणत होता. तोच सूर, जराही न हलणारा. एकही माशी डंख मारत नव्हती.

मेव्हणा वर बघत राहिला, खाली बघत राहिला. केवढी ती दरी आणि केवढा तो एकटा माणूस!

"दाजी," तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही उगाच गाणी म्हणता हो."

मधकाढ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुणगुणणं न तोडता बोलता येत नव्हतं. म्हणून त्याने आधी माश्यांना शांत होऊ दिलं, त्या एकेक करून उठल्या, मग त्याने विचारलं, "पाव्हणं, वर दोर कोणाच्या हातात आहे?"

"तुमच्या बायकोच्या."

"मग चला."

मेव्हण्याने त्याला पाठीशी बांधलं आणि दोराला दोन हिसके दिले.

वर ते थोडे लोक ओढायला लागले. बाजूला उभी गर्दी "आले, आले!" म्हणून ओरडत होती, उड्या मारत होती. बसलेल्यांपैकी कोणी वळलं नाही. म्हातारीच्या मनगटातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. पोरग्याने डोळे मिटूनच घेतले होते. दोघेजण कड्याच्या कडेवरून वर आले, कातळावर आडवे झाले, तरी ते ओढतच होते. "पुरे, पुरे! पोचलो!" असं मेव्हण्याने सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी मान फिरवली.

पाय बसला, पण वाकडा बसला. नगरात लोक म्हणाले, "संपला तो." वर्षभरात त्यांना आगीतून उडी मारणारा एक जण सापडला, ते तिकडे गेले.

पण पुढच्या मोसमाला मधकाढ्या लंगडत कड्यावर आला. कोणी विहीर विचारली तर म्हणाला, "मला ठाऊक नाही." पुन्हा विचारलं तरी तेच म्हणाला. थोडे लोक बघायला आले होते, त्यांना त्याच्या बायकोने लांब बसवलं आणि दटावून सांगितलं, "पाय कातळाला लागेपर्यंत टाळी नाही!" दोर त्याने स्वतः नेऊन मेव्हण्याच्या खांद्यावर ठेवला. सरदार त्या दिवशी घोड्यावरून आला, कोणाशी न बोलता मेव्हण्याच्या पुढे जाऊन बसला, कड्याकडे पाठ करून. दर वर्षी येत राहिला. एकदाही त्याने मध काढताना बघितलं नाही.

मधकाढ्या वर आला, पाय कातळाला लागला आणि टाळ्या उसळल्या. तो हसला, मान लववली. का नाही हसणार? कमावल्या होत्या त्याने त्या टाळ्या. पण आधी तो खाली बसला. टोपलीतला पहिला तुकडा त्याने मुठीत पिळला आणि मेव्हण्याच्या सोललेल्या खांद्यावर त्या मधाची धार धरली.

"चिकट झालं ना सगळं," मेव्हणा कुरकुरला. पण खांदा काही त्याने हलवला नाही.

तात्पर्य: मोठं काम करणाऱ्याला मोठा मान द्यावा, त्यात कंजूषपणा करू नये, पण त्याला डोळे भरून बघणं म्हणजे त्याला सांभाळणं नव्हे. आणि ज्याच्या नावाने टाळ्या वाजतात त्याने टाळ्यांना हसून मान लववावी, दोर मात्र त्याच्या हाती द्यावा ज्याला टाळी वाजवायला हात मोकळा नाही.